धुडकू शिपायाचा आजचा शब्द

गावाचं नाव मी सांगणार नाही. ब्राह्मणपुरीहून पुढं गेलं की तापीच्या अंगाला कुठंतरी आहे, एवढं तुम्हाला पुरे. नाव सांगितलं तर उद्या तिथली सातआठ माणसं माझ्या दारात येऊन उभी राहतील आणि 'ते आमच्यावर नव्हतं ना?' म्हणून विचारतील. शिवाय धुडकूला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

धुडकू म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचा शिपाई. अंगानं काडी, मिशी मात्र फौजदाराची, आणि आवाज असा की दवंडी द्यायला त्याला भोंगा लागत नाही. सकाळी ऑफिस उघडायचं, झाडायचं, ग्रामसेवकाचा चहा आणायचा, नोटिशी घरोघरी नेऊन सह्या घ्यायच्या, पंधरा ऑगस्ट नि सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी सोडवायची. बावीस वर्षं हेच चाललंय. आणि हे सगळं कशावर? तर हंगामी! अहो, कांदा हंगामी असतो, मिरची हंगामी असते. हा बाप्या बावीस वर्षं बारमाही राबतोय आणि कागदावर हंगामी.

त्याची बायको भिकुबाई. तिच्या बापानं लग्नात चार माणसांना छाती फुगवून सांगितलं होतं, "जवाई सरकारी शे, येत्या दिवाळीले कायम व्हई." अशा बावीस दिवाळ्या गेल्या, सासरा गेला, मुलगी मयूरी लोणखेड्याच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला पोचली, पण 'कायम' काही आलं नाही. धुडकूला आयुष्यात दुसरं काही नको होतं. घर आहे, दोन म्हशी आहेत, पोरगी हुशार आहे. फक्त कायम व्हायचं होतं.

आता त्या फळ्याचं सांगतो. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात, नोटीस लावतात त्याच्या शेजारी, काळा फळा. त्यावर रोज सकाळी धुडकूनं सुविचार लिहायचा, ही रीत. अक्षर मोत्यासारखं, त्यात वाद नाही. पण सुविचार एकूण तीस. महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून. एकतीस तारखेला तर धुडकू फळा नुसता पुसून ठेवायचा. दूध घालायला जाणारी माणसं त्याला छेडायची, "काय धुडकूभाऊ, आज सतरा तारीख, म्हणजे आज परिश्रम शे ना?" आणि खरंच परिश्रम असायचा. धुडकूला आतून लागायचं.

गेल्या दिवाळीनंतर महिन्याभरानं एक दिवस मयूरीची वही खाटेवर उघडी पडलेली त्याला दिसली. तिला कॉलेजात प्रकल्प दिला होता, राज्यकारभार, सत्ता आणि भ्रष्टाचार यांवरचे अपरिचित इंग्रजी शब्द, चाळीस, मराठी अर्थासकट. पोरीनं शब्दही देवनागरीत लिहून ठेवले होते, पाठ करायला सोपे पडावेत म्हणून. धुडकूनं पहिलं पान वाचलं, मिशीवरून हात फिरवला. चाळीस! तीस नि चाळीस सत्तर झाले की! दोन महिने गावाची तोंडं बंद.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं: 'आजचा शब्द – बूडल. अर्थ: सार्वजनिक मालातून हळूच उचललेला हिस्सा.'

धुडकूच्या डोक्यात काही नव्हतं हो! वहीतला पहिला शब्द, तो पहिल्या दिवशी. दुसरा, दुसऱ्या दिवशी. पण आपल्या गावात शिपाई कोणाविषयी काही न बोलता नुसतं लिहील, हे कोणाला पटतंय? दुपारी जेवून धुडकू जरा आडवा झाला, तोच दारात रूपचंद. हा रेशन दुकानदार. हातात पिशवी, पिशवीत वांगी, चेहरा उतरलेला.

"धुडकूभाऊ," तो खाली बसत म्हणाला, "तो गहूना कट्टा मी घर लई गऊ ना, तो उंदरेसमुळे. दुकानमा उंदरं भलता व्हई जायेल शेतस."

"कोनता कट्टा?" धुडकू उठून बसला.

"बरं बरं, दोन कट्टा. पन उद्या नाव लिखू नको, भो."

वांगी ठेवून रूपचंद गेला. धुडकूनं पिशवी उचलून बघितली. दोन पोती गहू! त्याला एकाचाही पत्ता नव्हता. भिकुबाईनं आतून विचारलं, "रूपचंदनी आज वांगा काबर दिन्हात?" तेव्हा धुडकूनं पिशवी नुसती तिच्यापुढं सरकवली. संध्याकाळी भरीत मात्र झकास झालं.

दुसऱ्या दिवशीचा शब्द होता 'सायनेक्युअर', आणि अर्थ 'पगार चालू, काम बंद, अशी खुर्ची'. आता गोपाल नावाचा पोरगा म्हणजे सरपंचांचा पुतण्या, गावाच्या पाण्याच्या मोटरीवर नेमलेला. मोटर कुठल्या खोलीत आहे हे त्याला त्या दिवसापर्यंत नक्की ठाऊक नसावं. अर्थ वाचला आणि गडी सकाळपासून मोटर चालू करून तिच्यापुढं मांडी घालून बसला. टाकी भरली, वाहिली, खालची गल्ली चिखलात गेली, बाया शिव्या घालत धावल्या, तरी हा उठायला तयार नाही. "मी काम करी ऱ्हायनू, मन्हं काम देखी ल्या!" असं ओरडत होता.

तिसऱ्या दिवशी 'क्वॉकरवॉजर'. अर्थ: 'दोरी दुसऱ्याच्या हाती असलेली लाकडी बाहुली, तसा पुढारी.' ग्रामपंचायतीचे सदस्य सात. त्यातले पाच त्या दिवशी वेगवेगळ्या वेळी धुडकूच्या घरी येऊन सांगून गेले, की सभेत हात आम्ही आमच्या मनानंच वर करतो. पाचव्याला भिकुबाईनं चहासुद्धा दिला नाही, दूध संपलं होतं.

चौथ्या दिवशी 'स्नॉलीगॉस्टर'. अर्थ: 'तत्त्वाशी देणंघेणं नाही, फक्त खुर्ची पाहिजे, असा चतुर पुढारी.' आणि सरपंच, म्हणजे नवनीतभाऊ, पांढरेशुभ्र कपडे, खिशाला दोन पेन, फळ्यापुढं थांबले. दोनदा वाचलं. हसले. पण त्या दिवशी ऑफिसात पाच वाजेपर्यंत ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानं सह्या, उभ्यानं चहा, उभ्यानं फोन. ग्रामसेवक बिचारा तोही उभा राहिला. दोघांच्या पायांना गोळे आले.

एवढं झाल्यावर धुडकूनं काय करायला पाहिजे होतं? गावात सांगायला पाहिजे होतं, की बाबांनो, हे मी वहीतून ओळीनं उतरवतो, माझ्या मनात कोणी नाही. पहिल्या आठवड्यात तो हे सांगणारही होता. पण मग केळीचा घड आला. पपया आल्या. कोणी हिरवी तूर आणून दिली. बावीस वर्षं ज्याला "ए धुडकू" म्हणून हाक मारायचे, त्याला लोक लांबूनच "धुडकूभाऊ, बरं शे ना?" म्हणायला लागले. आणि या गड्याला ते गोड लागलं. खोटं कशाला बोलू! तुम्हाआम्हालाही लागलं असतं. तो आता मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "उद्याना शब्द आजून ठरना नही." बस्स. एवढ्या वाक्यावर दुसऱ्या दिवसाची भाजी यायची.

गावात एकच घर असं होतं जिथून कधी काही आलं नाही, ना पिशवी ना खुलासा. जसोदाबाईचं. जसोदाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेली. तीस वर्षं तिनं गावच्या पोरांना मुळाक्षरं शिकवली, धुडकूच्या मयूरीलाही. सकाळी दूध घालून येताना ती चष्मा सारखा करून फळा वाचायची, अर्थ कळला की मान हलवायची आणि निघून जायची. धुडकूला तिच्या त्या मान हलवण्याची उगीच धास्ती वाटायची.

एक दिवस वहीत शब्द होता 'क्लेप्टोक्रसी', चोरांनी चोरांसाठी चालवलेलं राज्य. कसं कोण जाणे, कोणीतरी वही चोरून बघितली असेल, पण आदल्या संध्याकाळी रूपचंद नि गोपाल जोडीनं आले. वांगीही आली. सकाळी फळ्यावर तो शब्द नव्हता, त्याच्या पुढचा होता. कॉलेजची बस पकडायला निघालेली मयूरी फळ्याशी थांबली आणि तशीच घरी परत आली.

"पप्पा, तो शब्द तुम्ही काबर सोडी दिन्हा?"

"भलता अवघड व्हता, बेटा."

"अवघड नही व्हता," पोरगी म्हणाली. "वांगा गोड व्हतात."

बस चुकेल म्हणून ती पळाली. धुडकूनं झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं. त्याला राग आला, पोरीचा आला, आणि त्याहून जास्त वांग्यांचा आला. त्या दिवशी त्यानं भरीत खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र खाल्लं.

जानेवारी उजाडला. आमच्याकडे जानेवारी म्हणजे मिरची. बसस्टँडमागं गावाची मोकळी जागा आहे, तिथं बाया मिरच्या वाळत घालतात. सगळी जागा लाल होऊन जाते, येणारा जाणारा शिंकत जातो. ज्याला शेत नाही त्या बाईलाही तिथं चार हात जागा मिळते. मिरच्या निवडायच्या, देठ खुडायचे, वाळवून नंदुरबारच्या बाजारात पाठवायच्या, त्यावर कितीतरी घरं चालतात. जसोदाबाई रोज दुपारी तिथंच असते.

नवनीतभाऊंनी धुडकूला बोलावून घेतलं आणि, काय सांगू तुम्हाला, खुर्ची दिली! धुडकू त्या खुर्चीच्या टोकावर बसला.

"धुडकू, बावीस वरीस व्हई गयात तुले," भाऊ म्हणाले. "सव्वीस जानेवारीनी ग्रामसभामा पहिला विषय तुन्हा. तुले कायम करानी शिफारस. पुढं ठराव मी देखी लिसू."

धुडकू खुर्चीवरून उठलाच. डोळे भरून आले, अगदी खरे.

"दुसरा विषय बारीक शे," भाऊ पुढं म्हणाले. "बसस्टँडमांगनी जागा. मन्हा शालक तठे कोल्ड स्टोरेज टाकी ऱ्हायना. गावना विकास व्हई. तू फक्त त्या दिन फळावर काहीतरी गोड लिख. देशभक्तीनं."

धुडकू घरी आला तो जमिनीवर पाय न टेकता. भिकुबाईनं ऐकलं आणि रडायलाच लागली. मग डोळे पुसून आपल्या बापाच्या फोटोपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "देख आबा, व्हई ऱ्हायना." गल्लीत सगळ्यांना सांगून आली. मयूरी मात्र जेवता जेवता एवढंच म्हणाली, "आनि बाया मिरच्या कोठे वाळाडतीन?" धुडकूनं भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

ग्रामसभेची नोटीस घरोघरी फिरवणं धुडकूचंच काम. जसोदाबाईकडं तो मुद्दाम सगळ्यात शेवटी गेला. ती मिरच्यांत बसली होती, पदर नाकाला लावून. तिनं हात पुसले, चष्मा घातला, नोटीस वाचली. पहिला विषय वाचला, दुसरा वाचला. मग सही केली.

"दोन्ही विषय एकच दिनले कसा ऊनात रे, धुडकू?"

"माले काय माहीत, बाई. मी शिपाई मानूस."

"हां," ती म्हणाली, आणि मान हलवली.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं. पोरांना जिलेबी वाटली गेली. सभा दहाला. धुडकूनं नवा खडू घेतला आणि फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं: 'विषय १. धुडकू शिपाई यांना कायम करण्याची शिफारस. विषय २. बसस्टँडमागील जागा कोल्ड स्टोरेजसाठी देणे.' खाली जागा उरली, देशभक्तीच्या सुविचारासाठी.

आता इथं मी त्याला हुतात्मा बितात्मा करणार नाही. धुडकू काही मोठा धाडसी नव्हे. पण दोन्ही विषय एकाखाली एक, आपल्याच अक्षरात बघितले आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्यात वहीतला एक शब्द त्याला चार दिवसांपासून ठाऊक होता. तो त्यानं मुद्दाम मागं ठेवला होता, विसरायचा म्हणून. हाताला नुसती खाज सुटली. त्यानं एकदा आत डोकावून पाहिलं, ग्रामसेवक रजिस्टर शोधत होता. आणि मग झपाट्यानं लिहून मोकळा झाला. पहिल्यांदाच, अहो पहिल्यांदाच, त्यानं शब्द ओळीनं न घेता निवडून घेतला, आणि तो निवडला स्वतःवर.

दहा वाजता व्हरांडा, ओटा, चिंचेखालची सावली माणसांनी भरली. एरवी ग्रामसभेला पंधरा टाळकी नसतात. आज बाया झाडून आल्या होत्या, मिरच्यांचा वास अंगावर घेऊन. नवनीतभाऊ आले, हार झाला. फळ्याकडं त्यांची पाठ.

मागून कोणी पोरगं ओरडलं, "धुडकूभाऊ, आजना शब्द वाची दखाड!"

"हां, वाच, वाच," भाऊ मोठ्या मनानं म्हणाले. त्यांना वाटलं देशभक्ती.

धुडकू पुढं झाला. दवंडीचा आवाज तो दवंडीचाच. "आजचा शब्द, लॉगरोलिंग! अर्थ: तू माझं काम कर, मी तुझं करतो, अशी पुढाऱ्यांमधली गुपचूप अदलाबदल!"

मग एक बाई हसली. मग दुसरी. मग कोणीतरी फळ्यावरचा एक नंबर नि दोन नंबर बोटानं दाखवला, आणि असं हसू फुटलं की चिंचेवरचे कावळे उडाले. नवनीतभाऊ वळले. वाचलं. कान लाल झाले.

"पहिले दुसरा विषय ल्या!" बाया ओरडल्या. घ्यावाच लागला. जागा देण्याच्या बाजूनं हात वर आले ते मोजून शालकाचे दोन. एक उजवा, एक डावा.

जागा वाचली. बाया टाळ्या पिटायला लागल्या. भिकुबाई मात्र टाळी वाजवत नव्हती. ती भिंतीला टेकून नवऱ्याकडं बघत होती, आणि तिला कळलं होतं की आता कायम गेलं. धुडकूलाही कळलं होतं. त्याच्या हातातला खडू मोडला.

नवनीतभाऊ चिडलेले, पण डोकं शाबूत. सगळ्या गावासमोर याला उघडा पाडावा म्हणून ते गरजले, "मंग पहिला विषयबी लई टाका! मी काही सांगस नही. कोनले पाहिजे हाऊ कायम? हात वर करा!"

धुडकूनं मान खाली घातली. सगळं गाव त्याला ओळखतं ते नोटीस देणारा म्हणून. कोण कशाला हात वर करील?

पण पहिला हात आला रूपचंदचा. एवढ्या जोरात आला की शेजाऱ्याची टोपी पडली. मग गोपालचा, सख्ख्या काकांच्या डोळ्यांदेखत. मग सदस्य, एक, दोन, पाच. मग केळीचा घडवाला, पपयावाला, तूरवाला. ज्यानं ज्यानं म्हणून कधी धुडकूच्या दारात पिशवी ठेवली होती त्या प्रत्येकाचा हात, घाईघाईनं, आणि हात वर धरून प्रत्येकजण धुडकूकडं बघत होता, की बाबा रे, माझा बघितलास ना? मग बायांचे हात आले, ते मनापासून. शेवटी नवनीतभाऊंनी चारी बाजूंना पाहिलं. पुढच्या वर्षी निवडणूक. त्यांनी घसा खाकरला आणि स्वतःचाही हात वर केला, हसत हसत.

धुडकूला रडू फुटलं. आनंद झाला होता, उगीच नाही कशाला म्हणू! बावीस वर्षांचा आनंद. पण तो आधी वर आलेले हात बघत होता आणि त्याला नीट कळत होतं, की हे आपल्या कामासाठी वर आलेले नाहीत. हे भ्यालेले हात आहेत. आणि त्यातल्या प्रत्येकाचं आपण काही ना काही खाल्लंय.

सगळ्या सभेत एकच हात खाली होता.

"जसोदाबाई," नवनीतभाऊंना तेवढंच पाहिजे होतं, "तुम्हना हात?"

जसोदाबाई उठली. गुडघ्यावर हात देत, सावकाश. "मन्ही ना नही," ती म्हणाली. "धुडकू काम करस, माले माहीत शे. आज त्यानी मन्ही जागा वाचाडी, तेबी माहीत शे. करा त्याले कायम." मग ती फळ्यापाशी धुडकूसमोर येऊन उभी राहिली. "पन माले एक सांग रे, भाऊ. आते तुन्हावर कोन लिखी?"

धुडकूनं मयूरीकडं पाहिलं, भिकुबाईकडं पाहिलं. भिकुबाई पदरानं तोंड झाकून खाली बघत होती. भरीत तिनंच तर केलं होतं, रोज. मग धुडकूनं मोडलेल्या खडूचा त्यातल्या त्यात मोठा तुकडा उचलला, शर्टाला पुसला, आणि जसोदाबाईपुढं धरला.

जसोदाबाईनं खडू घेतला. आणि मग तोच हात तिनं वर केला.